शिडाच्या बोटीवर दिवसभर करतात काय?

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘तारिणी’ या शिडाच्या नौकेवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. यांच्यावर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला होता. त्यावर एका वाचकाचं नाराजीचं पत्र गेल्या आठवड्यात आपण छापलंत. त्यांचं म्हणणं असं, की या दोघींनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घातला, वादळं अंगावर घेतली, आणि लेखाची अर्धी जागा मात्र खाणं, पाणी, झोप आणि कपडे वाळवणं यांनी अडवली. ‘पुरुष अधिकारी असते तर त्यांना स्वयंपाकाचं विचारलं असतं का?’ असा सवालही त्यांनी शेवटी टाकलाय.

या सवालावर बोलायचा अधिकार मला थोडाफार आहे. मी पुरुष आहे आणि उभा जन्म बोटीवर स्वयंपाकच केला. मालवाहू जहाजावर मेसबॉय म्हणून चढलो आणि चीफ कुक म्हणून उतरलो. आमच्या जुन्या खलाशांच्या बोलीत भंडारी. निवृत्त होऊन घरी आंब्याची कलमं बघत बसलो होतो, तेवढ्यात ज्यांच्या हाताखाली काम केलं होतं त्या एका डच कॅप्टनसाहेबांचा फोन आला. त्यांनी बेचाळीस फुटी शिडाची बोट घेतली होती आणि अटलांटिक ओलांडायला तिसरा माणूस हवा होता. ते, त्यांच्या बाईसाहेब आणि मी. व्हिसाचं रामायण सांगत बसत नाही. कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून निघालो ते थेट कॅरिबियनमधल्या बार्बाडोसला. सुमारे २७०० सागरी मैल, मध्ये जमीन नाही.

तेव्हा पत्रलेखकांना माझं नम्र सांगणं असं, की लेखात स्वयंपाक-पाण्याला जागा जास्त नाही, कमीच दिलीय. आणि पुरुषांनाही हेच विचारायला हवं. नौदलाचेच दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून एकटे जगाला फेरी मारून आले. अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये त्याच बोटीवरून एकटे आणि कुठेही न थांबता आले. त्यांच्या बोटीवर भात कोण लावत होतं? तेच ना?

वादळ येतं, नाही असं नाही. मी दक्षिणेच्या त्या थंड समुद्रात शिडाने गेलेलो नाही, त्यामुळे तिथल्या लाटांबद्दल तोंड उघडत नाही. पण कुठल्याही सफरीत वादळाचे तास मोजले तर ते थोडेच भरतात. उरलेला सगळा वेळ रोजच्या कामाचा, आणि त्यात हयगय झाली तर वादळाची वाट बघायलाच नको.

पाण्यापासून सांगतो. मोठ्या जहाजावर मी पाण्याचा हिशेब कधी केला नाही. इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असतं, दिवसाला वीस-वीस टन पाणी देतं. नळ सोडला की पाणी. या बोटीवर टाकी तीनशे लिटरची, शिवाय फळ्यांखाली पाच-पाच लिटरचे कॅन. व्यापारी वाऱ्यांनी नीट साथ दिली तर अशी बोट दिवसाला १३०-१४० मैल कापते, म्हणजे तीन आठवडे धरून चालायचं. वारा पडला तर पुढचं दर्याला ठाऊक. साहेबांनी माणशी तीन लिटर ठरवून दिलं. पिणं, चहा, स्वयंपाक, सगळं त्यात. खारं पाणी गोडं करणारं छोटं यंत्र होतं, पण ते बॅटरी खातं. शिवाय साहेबांचा नियम असा, की यंत्र बंद पडलंय असं धरूनच पाणी वापरायचं.

मग खारं पाणी कुठे चालतं हे शोधावं लागतं. बटाटे सालीसकट थेट समुद्राच्या पाण्यात उकडावेत, झकास होतात. भाताला तीन वाट्या गोडं आणि एक वाटी खारं, वरून मीठ घालायचं नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात पस्तीसेक ग्रॅम क्षार असतात, नुसत्या खाऱ्यात भात लावलात तर घास तोंडात धरवत नाही. डाळीला खारं पाणी अजिबात दाखवायचं नाही, दाणा टणक राहतो आणि गॅस फुकट जातो. भांडी घासायची खाऱ्या पाण्यात, शेवटी कपभर गोडं फिरवायचं. साध्या साबणाला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, भांड्यांच्या लिक्विडला येतो, म्हणून आम्ही आंघोळीलाही तेच वापरलं. त्याला लिंबाचा वास होता, तक्रार नव्हती.

कपड्यांवर पत्रलेखकांचा विशेष राग दिसतो. त्यांनी एकदा समुद्राच्या पाण्यात बनियन धुऊन बघावं. उन्हात वाळतं, कडक होतं, आणि सूर्य मावळला की पुन्हा दमट. कपड्यातलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं. तेच बनियन घालून पाठ, मांड्या बाकावर घासत तासन् तास बसलं की पुळ्या उठतात, त्या चिघळतात, आणि मग माणूस पहाऱ्याला बसू शकत नाही. तिघांतला एक खाली पडला तर बाकीच्या दोघांची झोप गेली, आणि झोप गेलेला माणूस रात्री चूक करतो. म्हणून पावसाची सर दिसली की आमची धावपळ. पहिलं पाणी शिडावरचं मीठ धुऊन काढतं, ते वाहू द्यायचं, मग खाली बादली लावायची. साहेब एकदा सर आलेली बघून आनंदाने अंगभर फेस करून उभे राहिले आणि सर बाजूने निघून गेली. बाईसाहेबांनी मोजून दोन मग दिले. नवरा असला म्हणून तिसरा नाही.

यावरून आठवलं. न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, १९६८-६९ मध्ये, ३१२ दिवसांत. त्यांची ‘सुहेली’ ही बत्तीस फुटी बोट आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली, हे किती जणांना माहीत आहे? दक्षिण समुद्रात त्यांच्या टाक्यांतलं पाणी खराब झालं. पुढे माणूस जगला तो बहुतांशी शिडावरून धरलेल्या पावसाच्या पाण्यावर. आमचे दोंदे याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकायला गेले होते. आता त्या सफरीचा पराक्रम लिहायचा, तर पावसाची बादली वगळून कसा लिहिणार?

स्वयंपाकाकडे येतो. हा माझा प्रांत, तेव्हा थोडी जागा जास्त लागेल. कात्री लावायचीच असेल तर वर कुठेतरी लावावी ही विनंती.

वारा पाठीमागून असला की बोट सुखाने जाते असा लोकांचा समज असतो. उलट आहे. बाजूने वारा असताना बोट एका अंगाला कलते आणि कललेली राहते, आपण त्याप्रमाणे बेत करतो. पाठीमागून वारा घेतला की ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशी रात्रंदिवस लोळते. शेगडी दोन बिजागऱ्यांवर झुलत असते, त्यामुळे ती सपाट राहते आणि वाकडे होतो आपण. कंबरेला पट्टा बांधून तिच्यासमोर उभं राहायचं. पाय उघडे ठेवायचे नाहीत. बाहेर घामाच्या धारा लागल्यात आणि मी आत पावसाळी विजार घालून उभा, कारण उकळतं पाणी मांडीवर आलं तर दवाखाना दोन आठवडे लांब. या सगळ्यात खरा आधार प्रेशर कुकरचा. कलंडला तरी झाकण उघडत नाही. मी आपला साधा पाच लिटरचा कुकर घरून नेला होता. शिट्टी झाली की बाईसाहेब दचकायच्या. आठवडाभराने त्याच शिट्ट्या मोजू लागल्या.

गॅसचं एक सांगितलंच पाहिजे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर दारं-खिडक्या उघडून निभावतं. बोटीत तो खाली तळात जाऊन साचतो आणि तिथून बाहेर जायला वाट नसते. ठिणगी पडली की संपलं. म्हणून सिलिंडर वर डेकवर, ज्याला खालून बाहेरच भोक आहे अशा कपाटात. दर स्वयंपाकानंतर तिथली किल्ली बंद करायची आणि बंद केली असं मोठ्याने सांगायचं. दुसऱ्याने ‘ऐकलं’ म्हणायचं. चहा केला तरी हेच.

पहिले दोन-तीन दिवस कोणालाही फारसं खाववत नाही. बोट लागते. माझ्यासारख्या दर्यात केस पांढरे झालेल्यालाही लागली, कारण मोठ्या जहाजाचं हलणं वेगळं आणि या टोपलीचं वेगळं. तेव्हा चमचमीत काही करायच्या फंदात पडू नये. गुरगुट्या भात, वर मेतकूट, चमचाभर तूप. बाईसाहेबांनी पहिल्यांदा वास घेऊन वाटी बाजूला सारली होती. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पोटात टिकलेली ती पहिली गोष्ट. पुढे प्रकृती ठणठणीत झाल्यावरही संध्याकाळी ‘ती पिवळी पावडर’ मागायच्या.

पोळ्याही केल्या. पोळपाटाखाली ओलं फडकं, एक पाय समोरच्या फळीला टेकवून, आणि पोळी गोल होईल ही आशा किनाऱ्यावर सोडून.

भाजीचं गणित आधीच मांडावं लागतं. पुठ्ठ्याचं एकही खोकं बोटीत येऊ द्यायचं नाही, त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. सगळं धक्क्यावरच काढून, धुऊन, वाळवून जाळ्यांत भरायचं. केळ्यांचा घड बांधला की फोटो छान येतो, पण एकदा पिकायला लागली की चार दिवस तिघांनी केळीच खायची. कोबी मात्र इमानदार. कापायचा नाही, बाहेरून एकेक पान सोलत जायचं, आतला गड्डा टिकतो. हिरवे टोमॅटो कागदात गुंडाळून अंधारात. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी हिरवं म्हणून लिंबं आणि कोबीच उरला, तेव्हा मी मूग काढले. पाणी जपून वापरायचं म्हणून भिजवलेलं पाणी आमटीत, आणि मूग ओल्या फडक्यात बांधून इंजिनाच्या खोलीच्या दाराला टांगले. तिथे ऊब असते. दुसऱ्या दिवशी लांबसडक मोड. कोरड्या मुगात क जीवनसत्त्व नसल्यात जमा असतं, मोड आले की ते तयार होतं. तुमच्या-माझ्या घरी दर आठवड्याला होणारी उसळ, पण जमिनीपासून हजार मैलांवर तिची किंमत कळते. ब्रिटिश नौदलातले सर्जन जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ जहाजावर स्कर्व्ही (क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा रोग) झालेल्या बारा खलाशांना जोडी-जोडीने वेगवेगळे उपाय देऊन पाहिले. संत्री-लिंबं मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. तरी नौदलाला सगळ्यांना लिंबू द्यायला १७९५ उजाडलं. स्वयंपाकघराचं न ऐकण्याची खोड जुनीच आहे म्हणायची.

‘तारिणी’चा सगळ्यात लांब टप्पा न्यूझीलंडच्या लिटलटनहून फॉकलंड बेटांवरच्या पोर्ट स्टॅन्लीपर्यंतचा. जानेवारी २०२५ मध्ये निघून फेब्रुवारीत पोहोचल्या. वाटेत पॉइंट निमो लागला. तिथून कुठलीही जमीन सुमारे २६८८ किलोमीटरवर, अंतराळ स्थानकातली माणसं जवळची म्हणायची. अशा जागी पिठाच्या डब्यात पाणी शिरलं तर काय करणार, हे कोणी त्या दोघींना विचारलं असेल का? मला तर विचारायला फार आवडेल.

आता दोर. बाईसाहेबांचं सकाळचं काम ठरलेलं. चहा झाला की कमरेच्या पट्ट्याची कडी दोरीला अडकवायची आणि पुढच्या टोकापर्यंत जाऊन प्रत्येक दोरावरून हात फिरवत यायचं. शीड ताणून धरणारा दोर एका आडव्या खांबाच्या टोकातून जातो आणि बोट लोळेल तसा तिथे एकाच जागी घासत राहतो. एका लोळण्यात घासणं केसभर. पण मिनिटाला दहा-बारा वेळा, रात्रंदिवस. विहिरीच्या काठाच्या दगडाला दोराने खाचा पडतात ना, तसंच, फक्त इथे झिजतो दोर. एका सकाळी त्यांच्या बोटांना लव लागली. दोराचं वरचं वेष्टण विरलं होतं, आतले पांढरे पीळ दिसत होते. साहेबांनी दोर वीतभर आत ओढला, घासायची जागा बदलली, विरलेल्या भागावर चामड्याची पट्टी शिवून टाकली. पाऊण तासाचं काम. तो दोर रात्री तुटला असता तर शीड फडफडून फाटलं असतं आणि सुटलेला खांब अंधारात कोणाच्या डोक्यावर येईल याचा नेम नव्हता. बातमी झाली असती. पट्टी शिवली, म्हणून बातमी नाही.

२०१७-१८ मध्ये याच ‘तारिणी’वरून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा जणी जगाला फेरी मारून आल्या. येताना त्यांना बेतात नसलेला मॉरिशसचा मुक्काम करावा लागला, तो सुकाणूच्या यंत्रणेतल्या बिघाडामुळे. लाटांनी नव्हे, वापराने झिजणाऱ्या वस्तूंनी बोटी थांबतात. 

पहाऱ्याचं थोडक्यात. जहाजावर चार तास काम, आठ तास सुट्टी, आणि आम्हा भंडाऱ्यांना पहारा नसतोच. इथे तिघांत तीन तास पहारा, सहा तास सुट्टी. त्या सहात झोप, स्वयंपाक, दुरुस्ती सगळं. डिसेंबरात तिथे रात्र बारा-तेरा तासांची, आणि पश्चिमेला जात असल्यामुळे घड्याळ मागे करेपर्यंत सूर्य रोज थोडा उशिरा उगवतो. दर दहा मिनिटांनी उठून सगळ्या बाजूंनी क्षितिज बघायचं. वीस नॉट, म्हणजे ताशी वीस सागरी मैल वेगाचं जहाज दिसल्यापासून अंगावर यायला फार वेळ लावत नाही, आणि जिथून ते जहाज हाकतात त्या ब्रिजवरून आमची बोट दिसणं कठीण. हे मला दुसऱ्या बाजूने माहीत आहे. जवळ जहाज आलं की यंत्र इशारा देतं, पण सगळ्या होड्यांवर ते यंत्र नसतं. आणखी एक कडक नियम: रात्री दुसऱ्याला उठवल्याशिवाय कोणी डेकच्या पुढच्या भागात जायचं नाही, आणि पुरुषांनी कठड्याशी उभं राहून लघवी करायची नाही. खाली जाऊन बसूनच. अंधारात एकदा माणूस पाण्यात गेला की बोट वळवून आणेपर्यंत तो सापडत नाही.

पहाटेचा पहारा माझ्याकडे होता, तो मी मागूनच घेतला होता. उजाडलं की डेकवर दोन-चार उडते मासे पडलेले मिळायचे, रात्री शिडाला आपटलेले. लहान, काटेरी, पण ताजे. हळद-तिखट-मीठ, आमसुलाचं पाणी आणि तव्यावर. बार्बाडोसला उतरल्यावर कळलं, की उडता मासा आणि मक्याच्या पिठाचं कू-कू हा त्यांचा राष्ट्रीय पदार्थ आहे. तिथल्या एका खानावळीतल्या बाईंनी मासा ज्या हाताने साफ केला, तो बघून मी गप्प बसलो. आपल्याला अजून शिकायचंय.

तर संपादक महोदय, या दोन अधिकारी मुंबई-पुण्यात कुठे कार्यक्रमाला आल्या आणि आपला वार्ताहर गेला, तर त्याला माझ्यातर्फे प्रश्न द्यावेत. गॅसचा एक सिलिंडर किती दिवस पुरला? थंडीत पीठ मळायचं पाणी गरम करायची चैन परवडत होती का? सगळ्यात आधी काय संपलं? एक झोपलेली असताना दुसरीने काय खाल्लं? ‘भीती वाटली का’ हे सगळेच विचारतात, त्याचं उत्तर त्यांना आता पाठ झालं असेल.

जाता जाता मूळ लेखात एक दुरुस्ती. अंड्यांना व्हॅसलीन लावलं की महिनाभर टिकतात असं त्यात म्हटलंय. टिकतात, पण अंडी फ्रीजमध्ये कधीच न ठेवलेली आणि न धुतलेली हवीत. दुकानातून थंडगार अंडी आणून बाहेर ठेवलीत तर त्यांना घाम सुटतो आणि ती लवकर नासतात. शिवाय एक दिवसाआड उलटी करून ठेवावी लागतात, आणि फोडायची ती आधी वेगळ्या वाटीत, थेट कढईत नाही. हे एवढं तरी छापावं.

आपला,
एक निवृत्त चीफ कुक (मर्चंट नेव्ही),
ता. गुहागर, जि. रत्नागिरी